दोन बोटं

धुळ्यात उन्हाळ्यात गाणं ऐकायचं तर पहाटे चारला.
कूलर बंद करावा लागतो,
आणि कूलर बंद करून देवपुरात माणूस
फक्त त्याच वेळी टिकतो.
पांझरेच्या पुलावर तेव्हा ट्रकही एखादाच.

आधी भिंतीपासून हातभर ठेवले होते दोन्ही स्पीकर.
डग्गा असा घुमायचा
जणू कणगीत बसून कोणी वाजवतंय.
मग दीड हात. मग दोन.
खोली दहा बाय बारा. द्वारका म्हणाली,
हे असेच पुढे येत राहिले तर आपण ओट्यावर झोपू.

हिलाल मिस्तरीने बाभळीचे स्टँड करून दिले,
पायांखाली जुने रुपये घातले, डुगडुगू नये म्हणून.
खुर्चीच्या पाठीला सुतळी बांधली,
डाव्यापर्यंत ताणून गाठ मारली,
तीच गाठ उजव्याला नेली.
बोटाचाही फरक नाही.
फरशीवर खडूने खुणा.

मग आरसा. दाढीचा, कोपऱ्यात पारा उडालेला.
मी खुर्चीत, मान न हलवता,
आणि द्वारका भिंतीला आरसा टेकवून कडेकडेने सरकते.
त्यात स्पीकर दिसेल त्या जागेवरून
आवाज उडी मारतो, आणि खऱ्या आवाजामागून कानात शिरतो
उशिरा आलेल्या वऱ्हाड्यासारखा.
तिथे गोधडी टांगायची.
आरशात कॅलेंडर आलं, खिडकीचा गज आला,
मग तीच वाकून डोकावली,
कपाळाला घाम, तोंडात हेअरपिन.
"दिसना का?"
थांब, म्हणालो, अजून थोडं.
स्पीकर कधीच दिसून गेला होता.

एका सुराला घरात दुसरं कोणीतरी गायचं.
खिडकीच्या काचेवर हात ठेवून पाहिला,
डब्यांच्या झाकणांवर, देव्हाऱ्याच्या घंटीवर.
शेवटी माळ्यावर चढलो.
आखाजीला मांडे भाजून पालथं घातलेलं खापर
तळव्याखाली मांजरासारखं गुरगुरत होतं.
"उतारू का?" खालून विचारलं तिने.
उद्या बघू, म्हणालो.

एवढं सगळं बरोबर,
आणि गाणारी बाई माझ्या लेखी
डाव्या स्पीकरला टेकून उभी.
बत्तीस वर्षं मागावर होतो.
गिरणीला कुलूप लागलं तेव्हा
उजवा कान आतच राहिला.
हिलाल म्हणतो, बॅलन्सचं बटण फिरव की.
फिरवलं. बाई मोठ्याने गायली,
जागची हलली नाही.

म्हणून द्वारकेला बसवतो खुर्चीत.
कोठे उभी शे ती?
"आठे. बरोबर मझार. कॅलेंडरना खिळाखाले."
बोट दाखवते, जसं अंगणात आलेलं माणूस दाखवावं.
मी बघतो तिथे.
खिळा आहे.

परवा पहाटे लावलं,
तर बाई डावीकडून निघाली आणि चालत आली.
खिळ्यापर्यंत नाही, वीतभर अलीकडे,
पण उभी. सुटी. स्वर लावण्याआधी
ओठ विलग झाल्याचंही ऐकू आलं.
मी हललो नाही. हललो तर जाईल.
बाजू संपली तेव्हा खाली पाहिलं:
उजवा स्पीकर खडूच्या खुणेबाहेर,
दोन बोटं पुढे, मान माझ्याकडे जराशी वळवलेला.

तू सरकवलास?
"मी कसाले सरकाडू? फरशी पुसताना लागना व्हई धक्का."
बादलीवर फडकं पिळत होती.
वर पाहिलं नाही.

खडू घेऊन वाकलो. नवी खूण करणार होतो,
नाही केली.
जुनी मात्र ओल्या बोटाने पुसून टाकली.
तिची बाई आता खिळ्यापासून ढळली असणार.
कुठे गेली, विचारलं नाही.

आज गोधडी जागेवर, कूलर बंद, चार वाजून दहा.
तिच्यासाठी पाट आणून ठेवलाय खुर्चीशेजारी, डाव्या अंगाला.
तो सूर आला की माळ्यावरचं खापर
किंचित उशिरा
लागतं.